पाथर्डी शिवारात वडिलांचा एक गुंठा आहे, घरकुलाचं अनुदान घेऊ की फ्लॅटचं कर्ज काढू?

अंबडचा_ऑपरेटर
रामराम मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज विचारायचंच म्हणून लिहितो, जरा लांबड लागेल सांभाळून घ्या. मी अंबड एमआयडीसीत सीएनसीवर आहे, हातात २२ हजार पडतात, ओव्हरटाइम लागला तर २४-२५. बायको घरी ब्लाउज, फॉल-पिको करते, सणाला बरे पैसे येतात एरवी काही खरं नाही. पाथर्डी शिवारात वडिलांनी २००४ ला एक गुंठा घेतला, गुंठेवारीतला (शेतजमिनीचे बिनपरवानगी तुकडे पाडून विकलेला), त्यावर पत्र्याच्या दोन खोल्या टाकल्या आणि आम्ही सगळे तिथेच राहतो, आईवडील धरून पाच जण. कागदावर नाव वडिलांचंच. पोरगी पुढच्या वर्षी दहावीला, आणि पाऊस जोरात आला की पत्र्यावर असा आवाज होतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, ती अभ्यास काय करणार.
आता दोन बाजूंनी दोन सल्ले. मेव्हणा म्हणतो पंतप्रधान आवासमध्ये अडीच लाख मिळतात, आहे त्याच जागेवर स्लॅबचं घर बांध. कंपनीतला एकजण म्हणतो म्हसरूळला २४ लाखात वनबीएचके मिळतोय, त्याला पण सबसिडी आहे, कर्ज काढ आणि मोकळा हो. चौकातल्या एका झेरॉक्सवाल्याने तर "पाच हजार द्या, यादीत नाव लावून देतो" असं सांगितलंय. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

पंचवटी_पॅसेंजर
पाच हजार अजिबात देऊ नका!! फॉर्म स्वतः भरता येतो, आधारवर ओटीपी येतो, पैसे लागत नाहीत. बाकी जाणकार सांगतीलच.

गोदाघाट७२
ही सगळी अनुदानं निवडणुकीपुरती असतात हो. आमच्या गल्लीत फॉर्म भरून लोक म्हातारे झाले.

निवृत्त_कर्जखातं
गोदाघाट, प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता राव तुम्ही.
ऑपरेटर दादा, मी आयुष्यभर बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बसलोय, तर सरळ हिशोबच मांडतो. आधी हे समजून घ्या की तुमचा मेव्हणा सांगतोय ती एक योजना आणि कंपनीतला माणूस सांगतोय ती त्याच योजनेची दुसरी फांदी. २०१५ ला जी शहरी आवास योजना आली तिच्यात व्याजावरची सबसिडी एकरकमी खात्यात पडायची, २.६७ लाखापर्यंत, ती मार्च २०२२ ला बंद झाली. लोक अजून तोच आकडा डोक्यात धरून बँकेत येतात. १ सप्टेंबर २०२४ पासून जी २.० चालू आहे तिच्यात नियम बदललेत. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि आपल्या राज्याचा एक लाख, असे अडीच. याला बीएलसी म्हणतात. ही फक्त वर्षाला ३ लाखापर्यंत उत्पन्न असणाऱ्या कुटुंबाला. आणि विकत घेणाऱ्याला व्याज सबसिडी, ती ९ लाख उत्पन्नापर्यंत चालते, घराची किंमत ३५ लाखाच्या आत, कर्ज २५ लाखाच्या आत, आणि सबसिडी पहिल्या ८ लाखावरच ४ टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तीही पाच वर्षांत पाच हप्त्यांनी. दोन्हीपैकी एकच मिळतं.
आता म्हसरूळचा फ्लॅट बघा. २४ लाखाला बँक ९० टक्क्यापर्यंत देऊ शकते म्हणजे २१ लाख ६० हजार, साडेआठ टक्क्याने २० वर्षाला हप्ता पावणेएकोणीस हजार. तुमचा पगार २२. बँका सहसा एवढ्या पगाराला निम्म्याच्या फार वर हप्ता जाऊ देत नाहीत, त्यामुळे ही फाइल टेबलावरूनच परत येईल. सबसिडी धरली तरी वर्षाला ३६ हजार, म्हणजे महिन्याला तीन हजाराचा आधार, तोही पाचच वर्ष. वर स्वतःचे २ लाख ४० हजार, मुद्रांक, नोंदणी हे वेगळं. विषय संपला तिथे.

भाड्याने_बारा_वर्ष
काका एक शंका. माझं उत्पन्न वर्षाला साडेसात लाख आहे, व्याज सबसिडीत मी बसतो. मधे बोनसचे पैसे आले की कर्जात भरायचे असा विचार आहे, म्हणजे लवकर फिटेल. चालेल ना?

निवृत्त_कर्जखातं
चालेल, फ्लोटिंग व्याजदराच्या कर्जाला मुदतीआधी भरल्याचा दंड नसतो. पण पाच हप्ते मिळायला कर्ज चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. घाईघाईने फेडलं तर उरलेले हप्ते गेले. काय परवडतं ते कागदावर मांडून बघा.

भाड्याने_बारा_वर्ष
हे तर बँकेत कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

चुंचाळे_घरकुल_ताई
ऑपरेटर दादा मी घरकुलात राहते म्हणून सांगते, स्वतःची जमीन आहे ना मग बिल्डिंगीतल्या घरकुलाच्या मागे लागू नका. आम्ही झोपडपट्टीतून आलो ते जेएनएनयूआरएमच्या (केंद्राची जुनी शहर सुधार योजना) काळातलं घर, दार-खिडकी-संडास सगळं मिळालं, खोटं कशाला बोलू, सासूबाई पहिल्या दिवशी नळाखाली भांडी घासत बसल्या होत्या दुपारभर. पण घर दिलं म्हणजे झालं असं सगळ्यांना वाटतं. पाणी वर चढवायची मोटर कोणाची, तिचं बिल कोणी भरायचं, जिन्यातला बल्ब कोणी लावायचा, ड्रेनेज तुंबलं की कोणाला फोन करायचा हे कुठल्याच कागदावर नव्हतं. सुरुवातीला मोटरचं बिल थकलं, कनेक्शन कापलं, आणि बाया परत हंडे घेऊन खाली. शेवटी आमच्या बचत गटानेच वही केली, दर घरामागे महिन्याला शंभर, ज्याने दिले नाही त्याचं नाव जिन्याच्या भिंतीवर खडूने. भांडणं लय झाली पण मोटर चालू आहे. सरकार भिंतींना पैसे देतं, भिंतीमधल्या माणसांना एकत्र राहायला शिकवायला पण थोडे द्यायला पाहिजेत असं माझं मत.

सिन्नर_फाटा
ताई खडूने नाव 😄 आमच्या सोसायटीत हे चालू करतो.

दस्तवाली
मी नोंदणीची कामं करते, आता कागदाकडे येऊ कारण या केसमध्ये सगळं तिथेच अडणार आहे. तीन गोष्टी.
तुमचा गुंठा गुंठेवारीतला आहे. बीएलसीत जागा तुमच्या मालकीची आणि बांधकाम परवानगी मिळण्यासारखी पाहिजे. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं नियमित करता येतात, तुमचं २००४ चं खरेदीखत असेल तर बसता. पण खरेदीखत आहे का नुसतं साठेखत (पुढे विकायचा करार), नाहीतर शंभरच्या बाँडवर केलेली नोटरी आहे हे आधी बघा. पाथर्डी, अंबड, आडगाव पट्ट्यात निम्म्या लोकांकडे नोटरीच निघते आणि मग रडारड. नियमित केल्याच्या प्रमाणपत्राशिवाय पुढे काही हलत नाही, आणि त्याला विकास शुल्क, प्रशमन शुल्क (बिनपरवाना काम नियमित करायची रक्कम) भरावं लागतं ते बजेटमध्ये धरा.
दुसरं, नाव वडिलांचं आहे. तुम्ही लग्न झालेले म्हणजे योजनेच्या भाषेत तुमचं कुटुंब वेगळं: नवरा, बायको, लग्न न झालेली मुलं. अर्ज तुमच्या कुटुंबाचा असेल तर जागा तुमच्याकडे यायला पाहिजे. बापाने मुलाला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक फक्त २०० रुपये, वर स्थानिक अधिभार लागतो तो विचारून घ्या.
तिसरं, आणि इथेच लोक फसतात. योजनेत घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या जोड नावावर पाहिजे. म्हणून मग लोक सासऱ्याकडून थेट सुनेच्या नावे बक्षीसपत्र करायला येतात. मुलगा हयात असताना सुनेला २०० वाली सवलत नाही, तिथे पूर्ण मुद्रांक लागतो. त्यामुळे वडील ते तुम्ही एक दस्त, मग तुम्ही ते बायको अर्ध्या हिश्श्याचा दुसरा, दोन्ही सवलतीत बसतात. जरा फिरून जावं लागतं पण खिसा वाचतो. घरकुल कक्षात आधी विचारून घ्या त्यांना जोड नाव उताऱ्यावर पाहिजे का अर्जावर पुरतं.

अंबडचा_ऑपरेटर
बापरे. ताई खरेदीखत आहे, रजिस्टर केलेलं, आत्ताच पेटीतून काढून बघितलं, कोपरा उंदराने खाल्लाय पण नंबर दिसतो. प्रमाणपत्र मात्र नाहीये.
काका मग समजा हे सगळं झालं, अडीच लाखात घर होतं का? मिस्त्री १९०० ते २००० रुपये फूट सांगतोय.

निवृत्त_कर्जखातं
नाही होत. योजनेत ३० ते ४५ चौरस मीटरचं घर बसतं. लहानात लहान ३० मीटर म्हणजे ३२३ फूट, तुमच्या मिस्त्रीच्या दराने सव्वासहा-साडेसहा लाख. अडीच गेले की पावणेचार-चार उरले, गुंठेवारीचं शुल्क धरा, म्हणजे चार लाखाचं कर्ज. आणि आता मुख्य गोष्ट, जी माझ्या टेबलावर रोज सांगायचो आणि रोज लोकांना राग यायचा: अनुदान आधी मिळत नाही. पाया झाला, फोटो चढला, मग हप्ता. स्लॅब झाला, फोटो, मग हप्ता. बँकेचं पण तेच, आधी तुमचे पैसे लावा, मग कामाच्या टप्प्याप्रमाणे आमचे. दोघेही एकमेकांकडे बघत उभे राहतात आणि मधल्या खड्ड्यात तुम्ही. जोत्यापर्यंतचा पैसा आपल्या खिशातून लागतो, तो नसेल तर लोक काय करतात? सोनं ठेवतात, नाहीतर गल्लीतल्या माणसाकडून महिन्याला तीन टक्क्याने उचलतात. तीन टक्के महिन्याला म्हणजे वर्षाला छत्तीस. मी अशी घरं बघितलीत ज्यांचं जोतं उभं राहिलं, हप्ता तीन महिने लांबला, आणि लाखाच्या व्याजातच सिमेंटच्या गोण्या गेल्या.
आता हा हिशोब नीट वाचा. चार लाख, १५ वर्षं. बँकेचं साडेआठ टक्क्याने असेल तर हप्ता साधारण ३,९४०. कागद कच्चे म्हणून बँकेने नाही म्हटलं आणि छोट्या गृहवित्त कंपनीकडे १२ टक्क्याने घेतलं तर ४,८००. महिन्याला ८६० चा फरक, काय एवढं असं वाटतं. १५ वर्षांत ते दीड लाखाच्या वर जातं. म्हणजे केंद्र सरकारने दिलेले दीड लाख तुम्ही व्याजात परत केले, फरक एवढाच की सरकारला नाही, कंपनीला. म्हणून दस्तवाली ताई म्हणतात ते कागद आधी. ते प्रमाणपत्र नुसतं अनुदानासाठी नाही, स्वस्त कर्जासाठी आहे.

नाशिकरोड_प्रेसवाला
हा हिशोब कोणीतरी वर पिन करा रे. माझ्या भावाने १४ टक्क्याने घेतलंय, त्याला पाठवतो (की नको पाठवू, उगाच झोप उडेल त्याची).

निवृत्त_कर्जखातं
पाठवा पाठवा. कागद नियमित झाले असतील आणि हप्ते वेळेवर गेले असतील तर बँकेत ट्रान्सफर करता येतं.
ऑपरेटर, अजून एक. ओव्हरटाइम जपून. २२ हजाराने वर्षाचे २ लाख ६४ होतात, २५ ने बरोबर ३ लाख, त्यात बायकोची शिलाई मिळवली की रेषेच्या पलीकडे. अनुदानाला उत्पन्न कमी पाहिजे आणि कर्जाला जास्त, हा सगळ्या योजनेतला विनोद आहे. म्हणून तहसीलच्या दाखल्यावर एक आणि बँकेत दुसरं असं काही करू नका, आधार-पॅन दोन्हीकडे तेच असतं. आहे ते दाखवा, चार लाखाला २२ हजाराचा पगार पुरतो. कमी उत्पन्नवाल्यांच्या कर्जाला बँका कचरतात म्हणून या योजनेत हमी निधी १,००० कोटींवरून ३,००० कोटी केलाय, मॅनेजरने उगाच नाक मुरडलं तर हे बोलून दाखवा.

भाड्याने_बारा_वर्ष
राग मानू नका पण आम्ही मधले कुठे जायचं? अनुदानाला श्रीमंत, बिल्डरला भिकारी. मोठ्या प्रोजेक्टमध्ये २० टक्के घरं स्वस्तात द्यायची असतात ना, ती कुठे असतात? मला तर साइटवर कोणी त्याबद्दल बोलत पण नाही.

गंगापूर_रोड_मॉर्निंग_वॉक
साइटवर कोण बोलणार, ती म्हाडाच्या लॉटरीतून जातात. चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पात २० टक्के घरं छोट्या उत्पन्न गटासाठी, असा नियम, दहा लाखावर लोकसंख्या असलेल्या शहरांना. नाशकात ती म्हाडाकडे आलीच नाहीत म्हणून २०२२ मध्ये विधिमंडळापर्यंत गाजलं होतं, आठवत असेल. त्यानंतर नाशिक मंडळाच्या लॉटऱ्यांमध्ये गंगापूर शिवार, पाथर्डी शिवार, देवळाली शिवार, म्हसरूळ अशी घरं यायला लागली. आता तुम्ही विचाराल मग चार हजारच्या जरा खाली प्लॉट का असतात सगळे. तेच तर, लेआउट तोडून तोडून मंजूर करायची कला आपल्याकडे फार जुनी आहे.
अर्ज ऑनलाइनच, अधिवास दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा आधी चढवून पात्रता करून ठेवा, जाहिरात आल्यावर पळापळ केली की सर्व्हर बसतो. नंबर नाही लागला तर अनामत परत येते. आणि घर पाच वर्ष विकता येत नाही, त्यामुळे "घे आणि फुंकून टाक" वाल्यांनी लांब राहावं.

पंचवटी_पॅसेंजर
आणि मेंटेनन्स? २० टक्क्यातली घरं असतात त्याच कॉम्प्लेक्समध्ये वेगळी विंग, वेगळं गेट, असं ऐकलंय.

गंगापूर_रोड_मॉर्निंग_वॉक
काही ठिकाणी आहे तसं. गेट वेगळं असलं तरी मेंटेनन्स विचारून घ्या, हप्ता परवडतो आणि मेंटेनन्स नाही अशीही माणसं आहेत.

पेठ_तालुका
गावाकडचं पण लिहू का, इथे बरेच जण गावी आईबापासाठी बांधतात. ग्रामीणला १ लाख २० हजार, राज्याने २०२५ मध्ये ५० हजार वाढवले पण त्यातले १५ हजार सोलरचे. संडासचे १२ हजार वेगळे, रोहयोची ९० दिवसांची मजुरी वेगळी, म्हणजे आपल्याच घरावर आपण राबायचं आणि हजेरी लावायची. घर कमीत कमी २६९ फूट. पहिला हप्ता १५ हजाराचा येतो, त्यात पाया खणून दगड आणेपर्यंत संपतो, वरचे काका म्हणतात तो खड्डा इकडे पण आहे. पाच ब्रास वाळू फुकट असा नियम आहे पण घाटावरून आमच्या पाड्यावर आणायचं ट्रॅक्टर भाडं कोण देणार, ते वाळूपेक्षा जास्त. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांना जागा घ्यायला दीनदयाळ योजनेत पूर्वी ५० हजार होते, आता एक लाखापर्यंत. आदिवासी असाल तर शबरी, एससी-नवबौद्ध असाल तर रमाई, ग्रामसेवकाला नाव घेऊन विचारा, "काय योजना आहे का" असं मोघम विचारलं की "नाही" येतं.

अंबडचा_ऑपरेटर
सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतोय. फ्लॅटचं डोक्यातून काढलं. जोत्यापुरते म्हणजे ७०-८० हजार, त्यातले काही भिशीतून येतील, बायकोच्या गटातून ती ३० म्हणते. झेरॉक्सवाल्याला नाही सांगितलं तर म्हणतो "मग बघाच नाव कसं लागतं ते".

पंचवटी_पॅसेंजर
असं म्हणाला?? त्याचा व्हिडिओ काढा पुढच्या वेळी.

चुंचाळे_घरकुल_ताई
काही नाही करत तो. गटाचं कर्ज घेताय ते बरं करताय, पण पहिला हप्ता आला की आधी गटाचे फेडा, नंतर टाइल्स. आमच्याकडे टाइल्सपायी दोन बाया वर्षभर बोलत नव्हत्या.

अंबडचा_ऑपरेटर
हो ताई. एक घरगुती अडचण राहिली, लिहू का नको असं झालं होतं. बक्षीसपत्राचं घरी काढलं तर वडील तयार आहेत पण आई गप्प झाली. आणि बहीण आहे नाशिकरोडला, तिची सही लागते का?

दस्तवाली
जागा वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलीय, वडिलोपार्जित नाही, त्यामुळे ते कोणालाही देऊ शकतात, कायद्याने बहिणीची सही लागत नाही. पण तिला सांगा. नोंदणीच्या आधी सांगा, नंतर नाही. मी अशा दस्तांवर साक्षीदार म्हणून बहिणीलाच बसवते, म्हणजे पुढे "मला माहीतच नव्हतं" हा विषय येत नाही.
आईचं गप्प होणं साहजिक आहे. दस्तात स्पष्ट लिहून घ्या की आईवडील हयातीपर्यंत त्याच घरात राहतील आणि त्यांची देखभाल तुम्ही कराल. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, देखभालीच्या अटीवर दिलेली मिळकत मुलाने सांभाळलं नाही तर परत घेता येते, पण ती अट दस्तात लिहिलेली असली तर त्यांची बाजू भक्कम राहते. आईला ते कलम वाचून दाखवा, मराठीतच करा दस्त. मात्र बँकेला ती राहण्याची अट कधीकधी खटकते, त्यामुळे मसुदा झाला की सही करायच्या आधी बँकेच्या वकिलाला दाखवा.

निवृत्त_कर्जखातं
बरोबर. आईवडिलांना जामीनदार नाही, संमतीदार म्हणून सही घेतात अशा वेळी, अडत नाही.

अंबडचा_ऑपरेटर
बहीण रविवारी येणारे, तेव्हाच बोलतो सगळ्यांसमोर. दोन दस्तांचं लिहिणावळ आणि वकील धरून किती ठेवू बाजूला?

दस्तवाली
दोन्ही मिळून आठ-दहा हजार ठेवा, त्याच्या वर कोणी मागितलं तर दुसरीकडे विचारा. पण आधी गुंठेवारीचा अर्ज टाका, त्याची पावती हातात आल्याशिवाय दस्ताला पैसे घालू नका. आणि ते उंदराने खाल्लेलं खरेदीखत, त्याची सही-शिक्क्याची नक्कल दुय्यम निबंधकाकडून काढून ठेवा, नंबर दिसतोय तोवर.